आईच्या इनबॉक्समधले मेल कुठे गेले?

आजचा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे: जुन्या अकाउंटमधले मेल नव्या अकाउंटमध्ये नेणं. पण त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि आमच्या घरचं एक नुकसानही.

२००५ साली मी प्राथमिक शाळेत होतो आणि बाबा मस्कतला नोकरीला. ते सायबर कॅफेतून मेल करायचे, आई घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. डायल-अपचा जमाना, फोनचं बिल धावायचं. म्हणून कनेक्ट करायचं, मेल घ्यायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं. पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला. परवा आईचं जुनं अकाउंट उघडलं, तर त्या वर्षांचा एकही मेल नाही!

मेल कुणी चोरले नव्हते. हे काम पॉपचं, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉलचं. त्याचा पहिला मसुदा १९८४ चा, आणि आजही चालतो तो पॉप-३ आला १९८८ मध्ये. नावाप्रमाणेच कल्पना: पोस्टात जा, पत्रं घ्या, घरी या. घेतलेलं पत्र पोस्टात उरत नाही. सर्व्हरवरची जागा तेव्हा महाग होती, त्यामुळे यात काही वावगं नव्हतं. अगदी १९९६ साली सुरू झालेलं हॉटमेलसुद्धा फुकटात फक्त २ एमबी द्यायचं. १ एप्रिल २००४ ला जीमेलने १ जीबी जाहीर केलं, तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूल वाटलं. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी एक टिक असायची खरी, पण आईला ती कोण सांगणार?

दुसरा विचार केला मार्क क्रिस्पिन यांनी, स्टॅनफर्डमध्ये, १९८६ साली. त्यांचं आयमॅप म्हणतं, पत्रं पोस्टातच राहू देत, तुम्ही कुठूनही येऊन वाचा. आणि यात एक सोय आहे: एका सर्व्हरवरचा मेल उचलून दुसऱ्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवता येतो. दोन्ही कंपन्या वेगळ्या असल्या तरी चालतं, कारण भाषा एकच.

आम्हाला वाचवलं ते यानेच. बाबा वेबवरून लिहायचे, त्यामुळे पाठवलेल्या मेलच्या प्रती त्यांच्या अकाउंटमध्ये होत्या. ती सेवा आता बंद व्हायच्या बेतात होती. मी थंडरबर्डमध्ये दोन्ही अकाउंट आयमॅपने जोडली आणि सगळे फोल्डर नव्या अकाउंटमध्ये कॉपी केले. ‘मूव्ह’ नाही, कॉपी. मधेच नेट गेलं तरी मूळ मेल जागेवर हवेत ना! मग प्रत्येक फोल्डरमधले मेल मोजून ताळा केला. चार-पाच मेल उघडून अटॅचमेंट आणि तारखा पाहिल्या. यादीत काही मेल आजच्या तारखेचे दिसले, पण आत मूळ तारीख तशीच होती.

पहिला मेल उघडला. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी: पाढे पाठ झाले का, सायकलचं चाक नीट केलं का. आईने ते मोठ्याने वाचलं. बाबा शेजारीच बसले होते, म्हणाले, ‘‘एवढं लिहायचो मी?’’

तुमच्याही घरात असं एखादं जुनं अकाउंट असेल. पासवर्ड आठवतोय तोवर या रविवारी उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!