काळ्या मांजराच्या हाडापासून अळंबीपर्यंत

काळ्या मांजराचं हाड जवळ बाळगलं की दैव फिरतं, असा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या जादूटोण्यातला एक जुना समज. विली डिक्सनने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या ‘हूची कूची मॅन’मध्येही (1954) ते हाड आहे. साठच्या दशकात लंडनच्या ब्लूजवेड्या पोरांनी आपल्या बँडला तेच नाव दिलं: ‘ब्लॅक कॅट बोन्स’.

हाड पावलं, पण सोडून जाणाऱ्यांना! गिटारवाला पॉल कॉसॉफ आणि ड्रमर सायमन कर्क 1968 साली ‘फ्री’मध्ये गेले आणि दोन वर्षांत त्यांचं ‘ऑल राइट नाऊ’ जगभर वाजू लागलं. मग आला रॉड प्राइस. ‘बार्ब्ड वायर सँडविच’ हा बँडचा एकुलता एक अल्बम त्याच्या गिटारवर उभा राहिला. पुढे तोही ‘फॉगहॅट’मध्ये गेला आणि अमेरिकेत गाजला.

मागे राहिले ते डेरेक आणि स्टुअर्ट हे ब्रुक्स बंधू. त्यांनी गायक म्हणून पीटर फ्रेंचला घेतलं. फ्रेंचने नात्यातला भाऊ मिक हॉल्स गिटारसाठी आणला आणि बँड ‘लीफ हाउंड’ झाला. मेफेअरमधल्या स्पॉट स्टुडिओत 1970 साली अवघ्या 11 तासांत अख्खा अल्बम रेकॉर्ड झाला. नाव ‘ग्रोअर्स ऑफ मश्रूम’, म्हणजे अळंबी पिकवणारे. शीर्षकगीत जेमतेम दोन मिनिटांचं, विक्षिप्त आणि सायकेडेलिक. ‘वर्क माय बॉडी’ मात्र आठ मिनिटं पसरतं. बाकी सगळं जाड, दणकट रिफांचं काम. ‘फ्रीलान्स फीन्ड’ सुरू झालं की ब्लूज अजून ओळखू येतो, पण त्याचं वजन वाढलेलं असतं. घाईने अल्बमचं भलंच केलं, असं मला वाटतं. महिनाभर मिळाला असता तर कुणीतरी त्यावर व्हायोलिनं चढवली असती.

नडली ती वेळ. डेक्काने 1971 मध्ये रेकॉर्ड बाजारात आणली तेव्हा बँडच उरला नव्हता. फ्रेंच ‘अॅटॉमिक रूस्टर’मध्ये गेला होता, मग ‘कॅक्टस’मध्ये. त्या काळी रेकॉर्ड खपायची ती गावोगावच्या कार्यक्रमांवर, आणि इथे स्टेजवर उभं राहायला कुणी नव्हतं. न खपल्यामुळे मूळ प्रती थोड्याच उरल्या, आणि थोड्या उरल्या म्हणून आज संग्राहक त्यांना हजारो पौंड मोजतात. फ्रेंचने 2004 मध्ये नव्या वादकांना घेऊन बँड पुन्हा उभा केला. दुसरा अल्बम ‘अनलीश्ड’ आला 2007 मध्ये, पहिल्यानंतर 36 वर्षांनी.