मेलेल्या घोड्याचा हिशेब

१८५७ च्या ऐन पावसाळ्यात कोल्हापुरातील २७ व्या मुंबई पायदळ पलटणीने उठाव केला, तेव्हा लेफ्टनंट विल्यम केर ‘सदर्न मराठा इर्रेग्युलर हॉर्स’चे पन्नासएक स्वार घेऊन साताऱ्याहून निघाला. फुगलेल्या नद्या ओलांडत सुमारे पंचाहत्तर मैलांची मजल त्याने एका दिवसाच्या आत मारली. पुढे त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या दौडीचे गुणगान इंग्रज लेखकांनी पुष्कळ केले आहे (करणारच, बंड मोडणारा त्यांचा होता). मला मात्र ही हकीकत वाचताना दरवेळी एक क्षुद्र शंका छळते : ते घोडे कोणाचे होते?

इर्रेग्युलर रिसाल्यांची रीत शिलेदारीची. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येणारा, आणि बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा. शिलेदाराला पगार जास्त, पण त्यातूनच दाणावैरण, नाल, खोगीर आणि मोतद्दार यांचा खर्च भागवायचा. भीमा-नीरेच्या काठी पैदास होणाऱ्या भीमथडी जातीचे शिंगरू घरीच वाढवून, फिरवून तयार केले तर त्या कुटुंबाची उन्नती होई. तेच जनावर पोटशुळाने किंवा गोळीने मेले, की स्वार एका रात्रीत पायउतार. चाकरी गेली, भांडवल गेले. सावकाराचे कर्ज तेवढे राहिले.

अशा माणसाने शत्रूच्या तोफेवर घोडा का घालावा? मराठी फौजेच्या हुलकावणीच्या युद्धपद्धतीचे श्रेय आपण भूगोलाला आणि सेनापतींच्या प्रतिभेला देतो. ते खोटे नाही. पण त्यात थोडा वाटा या जमाखर्चाचाही असावा, असे माझे मत आहे.

शिवाजी महाराजांना हा पेच पुरता कळला होता. त्यांनी भर दिला तो सरकारी पागेवर : घोडा राज्याचा, स्वार पगारी बारगीर. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी व्यवस्था सांगितली आहे. शिलेदार होते, पण तेही पागेच्या हुकमतीखाली. घोडा मेला तर तोटा खजिन्याचा. म्हणून स्वार निर्धास्त. अर्थात खजिना भरलेला हवा. पेशवाईत तो बहुधा रिता असे. तेव्हा शिलेदारीचे प्रस्थ वाढले यात नवल नाही.

दुसऱ्याच्या माथी तोटा गेला की लबाडी आलीच. गणतीला चांगला घोडा दाखवून मोहिमेवर तट्टू न्यायचे, हा प्रकार इतका जुना की अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराला ती पुन्हा जारी करावी लागली. विजयनगरची गोष्ट तर अद्‌भुत आहे. नुनिझ हा पोर्तुगीज लिहितो की, राजा नरसिंह समुद्रापारचे घोडे जिवंत असोत वा मेलेले, हजार पर्दावांना तीन या दराने घेई. वाटेत मेलेल्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पुरे! वरवर हा वेडेपणा दिसतो. पण घोडे शत्रूच्या बंदरात न जाता आपल्याकडे यावेत, यासाठी समुद्राची जोखीम राजाने स्वतःच्या अंगावर घेतली होती. आजच्या भाषेत तो विमाच.

इंग्रजांनी शिलेदारी उचलली ती स्वस्त पडते म्हणून. मात्र तिला त्यांनी एक जोड दिली. स्वाराने भरती होताना ‘असामी’ची रक्कम भरायची, आणि सगळ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या ‘चंदा फंडा’तून मेलेल्या घोड्याची भरपाई व्हायची. एकाचा तोटा शंभरांत वाटला गेला. शांततेच्या काळात हे उत्तम चालले. पहिल्या महायुद्धात रिसाले समुद्रापार गेले, घोडे शेकड्यांनी मेले आणि बदली घोडे पुरवणे वर्गणीच्या आवाक्यात राहिले नाही. १९२१ च्या सुमारास ही पद्धत मोडीत निघाली आणि घोडा पुन्हा सरकारी पागेत गेला.