ताबा, सांभाळ आणि घर : कागलच्या रीजन्सीपासून सामुदायिक निवासापर्यंत

मनोरुग्णाच्या संबंधात मराठी भाषेने दोन क्रियापदे प्रामुख्याने वापरली आहेत. एक ‘ताब्यात ठेवणे’ आणि दुसरे ‘सांभाळणे’. पहिल्या शब्दप्रयोगाचे क्षेत्र कचेरी, पोलीस आणि न्यायालय हे होय. दुसऱ्याचे क्षेत्र घर. ताब्यात कैदी असतो, जप्त केलेला माल असतो आणि प्रसंगी माणूसही असतो. सांभाळात मात्र लहान मूल, म्हातारे आईबाप, दुभते जनावर, ठेव आणि शब्दही येतो. ताब्यात घेणाऱ्याला अधिकार प्राप्त होतो. सांभाळणाऱ्याच्या वाट्याला कर्तव्य येते. तीव्र मानसिक आजाराने ग्रासलेल्या प्रौढ व्यक्तीने कोठे व कोणाबरोबर राहावे, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास पुष्कळ अंशी या दोन क्रियापदांमधील ताणाचा इतिहास आहे. कोल्हापूर संस्थान व त्यातील कागलची जहागीर यांच्या इतिहासात या ताणाचे एक ठळक उदाहरण सापडते. त्याचा विचार आजवर राजकीय अंगानेच अधिक झाला. निवास व शुश्रूषा या अंगाने तो होणे आवश्यक आहे.

१

जुन्या मराठीत ‘वेडे’ आणि ‘पिसे’ हे दोन्ही शब्द रूढ होते. ‘पिसे’ या शब्दाचा संबंध ‘पिशाच’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो; म्हणजे त्या शब्दात बाधेची कल्पना अंतर्भूत आहे. ‘वेडे’ या शब्दाची छटा त्याहून सौम्य असून भोळा, अजाण, नादिष्ट अशा अर्थांनीही तो योजला जातो. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे राहिलेल्या गोविंदप्रभूंना गावकरी या दोन्ही शब्दांनी संबोधीत, हे महानुभाव चरित्रग्रंथांवरून ज्ञात आहे. गोविंदप्रभू संप्रदायाच्या दृष्टीने ईश्वरावतार होत, आणि त्यांच्या आचरणाला रोगाचे नाव देणे हे इतिहासाच्या पद्धतीला सोडून होईल. तथापि लोकांच्या वर्तनाच्या दृष्टीने त्या चरित्रातील चित्र उद्बोधक आहे. विक्षिप्त वाटणारा हा पुरुष कोणाच्याही घरात शिरतो, कोठेही जेवतो, हट्ट करतो. गाव कधी त्रासते, कधी हसते, पण त्याला गावाबाहेर काढीत नाही. त्याला जेवू घालणारे, न्हाऊ घालणारे, त्याच्या मागे फिरणारे लोक तेथे आहेत. ज्याचे वागणे कळत नाही त्यालाही गावात जागा आहे, ही कल्पना मराठी समाजाला अपरिचित नव्हती, एवढा निष्कर्ष त्यावरून निश्चित काढता येतो.

मात्र या चित्रावरून जुन्या काळाचे गोडवे गाणे योग्य नव्हे. ज्याच्या ठायी देवत्व पाहिले गेले त्याला गावाने सांभाळले. इतरांच्या नशिबी साखळदंड, मारझोड व उपासही आले. देवस्थानाच्या आश्रयाने रुग्णाला ठेवण्याची प्रथा देशभर होती आणि आहे. त्या प्रथेत माणसांची सोबत व दिवसाचा नेम या दोन उपकारक गोष्टी आहेत, हे मान्य करूनही तिचे दुसरे टोक विसरता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण तेथे मृत्युमुखी पडले. केवळ छप्पर म्हणजे घर नव्हे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

२

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन पावले. १८७१ मध्ये सावंतवाडीकर भोसले घराण्यातील नारायणराव यांना दत्तक घेण्यात आले. तेच चौथे शिवाजी महाराज होत. त्यांचे मन बिघडले असल्याचे इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरविले आणि १८८२ मध्ये कारभारासाठी रीजन्सी मंडळ नेमण्यात आले. कागलच्या थोरल्या पातीचे अधिपती जयसिंगराव घाटगे ऊर्फ आबासाहेब हे त्याचे प्रमुख झाले. महाराजांचा आजार कितपत खरा, कितपत त्यांना दिलेल्या वागणुकीचा परिणाम आणि कितपत राजकीय सोयीचा, याविषयी तेव्हाही वाद होता व अभ्यासकांत आजही मतैक्य नाही.

पुण्यास ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे १८८१ मध्ये सुरू झाली होती. महाराजांचा छळ होत असल्याचा आरोप त्यांनी केला व त्याचा रोख संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठेवला. ज्या पत्रांच्या आधारे हे आरोप झाले त्यांचा खरेपणा न्यायालयात टिकला नाही. अब्रुनुकसानीच्या त्या खटल्यात जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हा भाग मराठी वाचकांस सुपरिचित आहे. पुढे महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीवर असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे होते.

या प्रकरणाचा निवासाच्या दृष्टीने विचार केला असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. राज्याचे काय करावयाचे, याचे उत्तर तत्परतेने शोधले गेले : मंडळ नेमले, प्रमुख नेमला, वसूल व न्याय यांची घडी बसविली. राजाचे काय करावयाचे, याचे उत्तर मात्र एक किल्ला व एक शिपाई एवढेच निघाले. ज्याच्या नावे वाडे होते त्याच्यासाठी घर उरले नाही. ज्याला शुश्रूषक हवा होता त्याला पहारेकरी मिळाला. द्रव्याची वाण होती असे म्हणता येत नाही. उणीव होती ती कल्पनेची. ताबा पूर्ण होता, सांभाळ नव्हता. आणि ज्या वर्तमानपत्रांनी महाराजांची बाजू हिरिरीने मांडली त्यांचाही मुख्य रोख दोषी कोण, या प्रश्नावर होता. आजारी माणसाने कसे जगावे हा प्रश्न त्या वादळात मागेच राहिला.

१७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी जयसिंगरावांचे चिरंजीव यशवंतराव यांना दत्तक घेतले. कागलचे हे यशवंतराव म्हणजेच राजर्षी शाहू महाराज होत. रीजंटाचा पुत्रच गादीवर आला यावरून कोणावर हेत्वारोप करण्याचे कारण नाही. परंतु आजारी व्यक्तीच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारे आणि तिच्या शरीराची व मनाची काळजी वाहणारे हात वेगळे असावेत, हे तत्त्व का आवश्यक ठरते, ते अशा प्रसंगांवरून उमगते.

३

ब्रिटिश हिंदुस्थानात या विषयावर १८५८ मध्ये तीन कायदे झाले : क्रमांक ३४, ३५ व ३६. पहिल्या दोहोंचा संबंध न्यायालयीन चौकशी, मालमत्तेची व्यवस्था व पालकाची नेमणूक यांच्याशी होता. तिसरा वेड्यांच्या इस्पितळांविषयी होता. १९१२ च्या कायद्याने हे सर्व एकत्र आणले, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके चालू राहिला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची अंमलबजावणी १९९३ मध्ये सुरू झाली. या सर्व कायद्यांचा मध्यबिंदू रुग्णाला आत कसे घ्यावे व बाहेर कसे सोडावे, हा होता. बाहेर पडल्यावर तो कोणाच्या दारी उभा राहणार, हा विचार त्यांत जवळजवळ नाही.

भाषेवर त्याचा ठसा उमटला. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. यांपैकी काही गावांची नावे थट्टेचे वाक्प्रचार होऊन बसली. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हा येरवड्याचा’ असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. या प्रयोगांत ‘पाठवणे’ हे क्रियापद आहे, ‘आणणे’ नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कागलच्या रुग्णाला रत्नागिरीस न्यावयाचे म्हणजे सह्याद्री उतरून सुमारे दीडशे किलोमीटरांचा प्रवास होतो. मजुरी बुडवून महिन्या-दोन महिन्यांनी भेटीस जाणे गरीब कुटुंबाला जड जाते. भेटी विरळ होतात, पत्ते बदलतात, आईबाप निवर्ततात. आणि आजार ओसरला तरी परतण्याचे दार बंद झालेले असते. अशा रीतीने रुग्णालय हेच कित्येकांचे कायमचे वास्तव्यस्थान बनले.

दुसऱ्या बाजूस जे रुग्ण घरीच राहिले त्यांचा भार बहुतांशी आई, पत्नी किंवा बहीण यांनी वाहिला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला बहीण आपल्या घरी आणते, तेव्हा तिच्या संसाराची होणारी ओढाताण संयमाने चित्रित झाली आहे. कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने अशा कुटुंबांना एकत्र आणले. ‘आमच्यामागे याचे कोण पाहील?’ हा वृद्ध आईबापांचा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे. औषधाने आवाज थांबतात, झोप लागते. पण स्वयंपाक, भाडे, सोबत आणि उद्याचा दिवस यांची तजवीज औषधाने होत नाही.

४

या प्रश्नाची काही उत्तरे अन्यत्र शोधली गेली आहेत. बेल्जियममधील गील या नगरात संत डिम्फना हिच्या देवस्थानी येणाऱ्या रुग्णांना गावकरी आपापल्या घरी ठेवून घेऊ लागले. मध्ययुगापासूनची ही प्रथा एकोणिसाव्या शतकात सरकारी वैद्यकीय देखरेखीखाली आली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण कुटुंबांतून राहत होते. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. तेथील यजमान कुटुंबाला मोबदला मिळतो आणि अडचणीच्या वेळी रुग्णालय पाठीशी असते. केवळ दयेवर ही व्यवस्था टिकली नाही, हे त्यातील मर्म होय.

भारतात १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारातच तंबूंतून राहावयास बोलाविले. नातलगांचे भय गेले आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने ‘होम अगेन’ या नावाने वेगळा मार्ग धरला. दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच व्यक्तींनी सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहावे, आणि त्यांच्या गरजेप्रमाणे साहाय्यक व्यक्ती सोबत असावी, अशी ही योजना आहे. बाजारहाट, स्वयंपाक, शेजार, सणवार ही सर्व त्यांची स्वतःची असतात. हा उपक्रम रत्नागिरीतही नेण्यात आला. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरील मनोरुग्णांना उपचारांनंतर त्यांच्या गावी पोहोचविण्याचे कार्य केले; त्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली प्रतिष्ठानाने निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी निवास उभारला. ज्या नगराच्या किल्ल्यात एका आजारी राजाचा पहाऱ्यात अंत झाला त्याच नगराच्या परिसरात रस्त्यावरच्या अनाथ स्त्रीला घर मिळाले, हे अंतर शंभरांहून अधिक वर्षांत कापले गेले.

कायद्यानेही दिशा बदलली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या १९ व्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही किंवा जवळ सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते कलम सांगते. आणि अर्धमार्ग निवास, सामूहिक घरे अशा सोयी उभारण्याचे वा त्यांना साहाय्य देण्याचे कर्तव्य शासनावर सोपविते. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात वा वृद्धाश्रमात हलविण्याच्या महाराष्ट्रातील प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आक्षेप घेतला. एका कोंडवाड्यातून दुसऱ्या कोंडवाड्यात नेणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हाच त्याचा आशय होय.

५

हक्क लिहिला गेला. घरे मात्र बांधावी लागतात. या ठिकाणी कोल्हापूरच्या इतिहासातील दुसरे प्रकरण उपयोगी पडते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले. त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. या वसतिगृहांची घडण अभ्यासण्याजोगी आहे. संस्थानने जागा व उत्पन्न द्यावे, समाजाने कार्यकारी मंडळ नेमून निधी जमवावा, आणि वसतिगृह शहरातच, लोकांच्या नजरेसमोर असावे, अशी ती रचना होती. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळा खुली असून भागत नाही, त्याला शहरात राहण्यास जागा हवी, हे महाराजांनी ओळखले. शिक्षणाचा हक्क निवासाशिवाय पोकळ ठरतो, ही ती जाण होती.

मनोरुग्णाच्या बाबतीत तोच विचार लागू पडतो. उपचाराचा हक्क निवासाशिवाय पोकळ आहे. दहा-वीस माणसांचे दूरचे आवार नव्हे, तर चार-पाच माणसांचे गल्लीतले घर. जागा व वेतन यांसाठी शासनाचा नियमित आधार. देखरेखीस स्थानिक मंडळ. जवळच्या रुग्णालयातून औषधे. आणि ज्याला जमेल त्याला काम. यातील एकही अंग कोल्हापूर जिल्ह्याला अनोळखी नाही. विद्यार्थ्याचे वसतिगृह आणि रुग्णाचे घर यांत एक भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. विद्यार्थी चार वर्षांनी शिकून बाहेर पडतो. आजारी माणसाला कदाचित आयुष्यभर तेथे राहावे लागेल. म्हणून देणगीच्या पहिल्या उत्साहावर अशा घराची उभारणी करता येणार नाही. त्यास वर्षानुवर्षे चालणारी तरतूद हवी. देणगीदार थकला तर घर बंद होते आणि रहिवासी पुन्हा रस्त्यावर किंवा रुग्णालयात जातात. हा आघात पहिल्याहून मोठा असतो.

अशा घराला मराठीत अजून सर्वमान्य नाव नाही. ‘आश्रम’ म्हटले की उपकाराची छटा येते, ‘केंद्र’ म्हटले की कचेरीची, ‘निवारा’ म्हटले की तात्पुरतेपणाची. वस्तुतः नव्या शब्दाची गरज आहे असेही नाही. तेथे राहणाऱ्याला आपला पत्ता सांगताना ‘माझे घर’ असे म्हणता आले, तर व्यवस्था साधली असे समजावे. १८८३ मध्ये कोल्हापूरच्या अधिपतीलाही ते म्हणता आले नव्हते.