दुचाकीवरून युद्धस्मरण
(नभोवाणीवरील भाषण)

इतिहासाचा शिक्षक म्हणून मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें काढलीं, आणि त्या सर्व काळांत एक खंत मला बोचत असे. लढाईची सनावळी मुलांकडून घोकून घेतां येते, सेनापतींचीं नांवें पाठ करवून घेतां येतात. परंतु ती लढाई ज्या भूमीवर झाली तेथील चढउतार, तेथील अंतरें, तेथील वारा हीं मात्र फळ्यावर काढून दाखवितां येत नाहींत. सिंहगड पायीं चढून गेलेल्या मुलाला तानाजीची गोष्ट निराळी समजते व न चढलेल्याला निराळी, हें आपण सर्व जाणतों. मग जी लढाई मुख्यतः जमिनीवर झालीच नाहीं, हजारों फूट उंचीवर आकाशांत झाली, ती समजून घेण्यास कोठें जावें? या प्रश्नाचें उत्तर मला एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रांतून मिळालें. तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

हा विद्यार्थी नोकरीनिमित्त लंडनांत राहतो. दुसऱ्या महायुद्धांत मरण पावलेल्या वैमानिकांच्या स्मरणार्थ इंग्लंडांत सायकलयात्रा निघत असतात. कोणी मोठ्या मंडळींबरोबर जातात, कोणी दोघे-चौघे मित्र मिळून. हाहि दोघां मित्रांबरोबर लंडनच्या दक्षिणेस केनली येथून निघाला, आणि बिगिन हिल, ग्रेव्हसेंड, हॉकिंज असे टप्पे घेत तिसऱ्या दिवशीं समुद्रकांठच्या केपल-ल-फर्न या गांवीं पोंचला. ही वाट पाऊणशे मैलांच्या आसपास भरते. १९४० सालच्या लढाऊ विमानास तेवढें अंतर तोडावयास पाव तास पुरे होता. सायकलस्वारानें त्याकरितां तीन दिवस घालविले. परंतु त्या पाव तासाचा अर्थ आपणांस या तीन दिवसांत कळला, असें तो लिहितो.

तो अर्थ समजण्यास थोडी पूर्वपीठिका पाहिजे. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स शरण गेला आणि हिटलरचें विमानदल इंग्लिश खाडीच्या पैलतीरावर येऊन बसलें. इंग्लंडवर स्वारी करावयाची तर प्रथम तेथील आकाश हस्तगत करणें अवश्य होतें. त्यासाठीं जो संग्राम झाला तो १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० असा मोजला जातो. डोव्हरपाशीं खाडीची रुंदी अवघी एकवीस मैल. जर्मनांचीं बाँबफेकी विमानें ती सहा-सात मिनिटांत ओलांडीत. उलट, स्पिटफायर विमानास जमिनीवरून उठून वीस हजार फूट उंची गांठावयास सुमारे दहा मिनिटें लागत. म्हणजे शत्रु डोळ्यांनीं दिसल्यावर उठावें तर वेळ आधींच निघून गेलेली असे. ही तीन-चार मिनिटांची तूट भरून काढली ती रडारच्या उंच मनोऱ्यांनीं, देशभर पसरलेल्या निरीक्षकांच्या सुमारे एक हजार चौक्यांनीं, आणि आलेली बातमी क्षणाचाहि विलंब न लावतां पुढें पोंचविणाऱ्या दूरध्वनीवरील मुलींनीं. वैमानिकाचें शौर्य आपण ऐकतों. त्याच्या पाठीमागची ही मिनिटांची सांखळी सहसा ऐकूं येत नाहीं.

यात्रेचा आरंभ केनलीस झाला. १८ ऑगस्ट १९४० रोजीं नऊ डॉर्निअर विमानें झाडांच्या शेंड्यांवरून, अगदीं खालून उडत येऊन या ठाण्यावर तुटून पडलीं. आज तेथें युद्धविमान नाहीं. इंजिनाविना उडणारे ग्लायडर मात्र उडतात. परंतु विमानतळाच्या कडेनें सायकल फिरविली कीं मातीचे व विटांचे कमरेएवढे नि डोक्याएवढे बांध जागोजाग लागतात. बाँबच्या स्फोटापासून एकेका विमानास आडोसा मिळावा म्हणून ते उभारलेले होते. एका बाँबनें सारीं विमानें नष्ट होऊं नयेत यासाठीं तीं मुद्दाम दूरदूर ठेवीत. त्यामुळें यांत्रिकाला एका विमानाकडून दुसऱ्याकडे जावयाचें तर बरीच मजल मारावी लागे. पेट्रोल तर मोजूनमापून मिळणारें. मग उपयोगीं पडे ती सायकलच. वैमानिक, यांत्रिक, कारकून, सारे तिच्यावरून ये-जा करीत. सकाळीं भिंतीस टेकून ठेवलेली सायकल संध्याकाळीं न्यावयास धनी परत आला नाहीं, असे प्रसंग त्या काळीं अशा ठाण्यांवर विरळा नव्हते. तेव्हां या स्थळांचें दर्शन सायकलीवरून घ्यावें यांत हौसेपेक्षां औचित्यच अधिक आहे.

केनलीहून बिगिन हिल सहाएक मैल. विमानास मिनिटभराचें अंतर. परंतु मध्यें डोंगरांची चढण आहे. हें ठाणें समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे फूट उंचीवर असल्यानें वैमानिक त्यास थट्टेनें ‘टेंगळावरचें बिगिन’ म्हणत. धापा टाकीत तें टेंगूळ चढून आल्यावर ही थट्टा आपणांस पुरती समजली, असें आमच्या सायकलस्वारानें लिहिलें आहे. लंडनच्या वाटेवरचें हें मोक्याचें ठाणें असल्यामुळें शत्रूचा त्यावर विशेष रोख. ३० ऑगस्टच्या संध्याकाळच्या हल्ल्यांत एकोणचाळीस माणसें ठार झालीं. पुढचे दोन दिवसहि हल्ले चालूच राहिले. याच ठाण्यावरील तीन स्त्रियांना त्या दिवसांतील कामगिरीबद्दल ‘मिलिटरी मेडल’ देण्यांत आलें. एलस्पेथ हेंडरसन व हेलन टर्नर या बाँब पडत असतांहि दूरध्वनीपासून उठल्या नाहींत. जोन मॉर्टिमर हिनें न फुटलेल्या बाँबांजवळ जाऊन, विमानें तेथें उतरूं नयेत म्हणून, तांबडीं निशाणें रोवलीं. ठाण्याच्या वेशीवर १९५१ सालीं बांधलेलें एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे. या विभागांतून उडून परत न आलेल्या ४५४ वैमानिकांचीं नांवें त्यांत लिहिलेलीं आहेत.

या ठाण्याचा इतिहास चाळतांना आमच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस एक ओळखीचें नांव पडलें, आणि तो चमकला. १९४१ च्या अखेरीस येथें स्पिटफायर विमानांचें जें १२४ वें पथक आलें त्याचें नांव होतें ‘बडोदा’! गायकवाडांच्या देणगीवरून तें नांव पथकास मिळालें होतें. तसेंच १३२ व्या पथकास ‘मुंबई शहर’ असें नांव होतें. हैदराबाद, म्हैसूर, मद्रास हींहि नांवें अशाच पथकांस दिलेलीं होतीं. त्या पत्रांत त्यानें मला सरळच विचारलें आहे: ‘मास्तर, हें युद्ध आपलें होतें कीं साहेबाचें? मीं त्या मंदिरांत मान लववावी ती कोणत्या नात्यानें?’

प्रश्न अवघड आहे, आणि त्याचें एका शब्दांत उत्तर देणारा मनुष्य इतिहासाशीं प्रामाणिक राहूं शकणार नाहीं. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं येथील लोकप्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें. त्याच्या निषेधार्थ प्रांतोप्रांतींच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. मुंबईचें बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ त्यांतच होतें. स्वातंत्र्यासाठीं लढतों असें सांगणाऱ्या राज्यकर्त्यांनीं आपल्याच अंकितांस स्वातंत्र्य नाकारलें, हें सत्य लपवितां येत नाहीं. परंतु नाझींचें राज्य जगावर आलें असतें तर तें कोणासहि सुखाचें झालें नसतें, हेंहि तितकेंच सत्य. आणि या दोन सत्यांच्या मध्यें उभे राहून ज्या तरुणांनीं आपला जीव पणास लावला त्यांचें काय, हा प्रश्न तरीहि उरतोच.

त्यांपैकीं एकाची भेट पुढच्याच टप्प्यावर घडते. ग्रेव्हसेंड येथील युद्धकाळचा विमानतळ आतां नाहींसा झाला आहे. जेथें धांवपट्टी होती तेथें घरांची वसाहत उठली असून मुलें खेळत असतात. परंतु गांवांतील सेंट अँड्र्यूज उद्यानांत एका शीख वैमानिकाचा पुतळा २०१४ सालीं उभारला गेला. हे महिंदरसिंग पुज्जी. जन्म सिमल्याचा, १९१८ चा. १९४० च्या शरदऋतूंत जे चोवीस हिंदी वैमानिक इंग्लंडास पोंचले त्यांत ते होते. त्यांनीं तेथें हरिकेन विमानें चालविलीं, तींहि डोक्यावरचा फेटा न उतरवितां. पुढें ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील पराक्रमाबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हें पदक मिळालें. उतारवयांत ते ग्रेव्हसेंडलाच राहत. २०१० सालीं, ब्याण्णव वर्षांचे होऊन, ते वारले. हिंदी सैनिकांच्या कामगिरीचा लोकांस विसर पडला, ही खंत त्यांनीं अखेरपर्यंत बोलून दाखविली. पुतळा उभा राहिला तो त्यांच्या पश्चात् चार वर्षांनीं.

तिसऱ्या दिवशीं हॉकिंज. फ्रान्सच्या किनाऱ्यास अत्यंत जवळचें असें हें ठाणें. म्हणून १२ ऑगस्ट १९४० रोजीं तेंहि बाँबांनीं भाजून निघालें. आज तेथें एक संग्रहालय आहे. परंतु आमच्या सायकलस्वाराचें मन गुंतलें तें जवळच्या दफनभूमींत. ब्रिटिश राजाकडून लढलेल्यांच्या थडग्यांशेजारीं तेथें पन्नासांहून अधिक जर्मन सैनिकांचीं थडगीं आहेत. ज्यांनीं एकमेकांस आकाशांतून पाडलें ते आतां एकाच गवताखालीं निजले आहेत, आणि दोन्ही बाजूंचें गवत सारख्याच निगुतीनें कापलेलें असतें.

तेथून दोन-तीन मैलांवर केपल-ल-फर्नचे खडूचे पांढरे कडे. जेफ्री पेज नांवाचा वैमानिक १९४० च्या ऑगस्टमध्यें, हॉकिंजवर हल्ला झाला त्याच दिवशीं, जळत्या विमानांतून उडी टाकून वांचला. परंतु त्याचे हात व चेहरा होरपळून गेले, आणि त्याला पुष्कळ शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. आपल्या सोबत्यांचें राष्ट्रीय स्मारक नाहीं ही गोष्ट त्याच्या मनास लागली, आणि त्याच्याच उद्योगानें १९९३ सालीं या कड्यावर स्मारक झालें. विमानाच्या पंख्याचीं तीन पातीं जमिनीवर कोरलेलीं आहेत व मधोमध एक तरुण वैमानिक गुडघ्यांस मिठी घालून समुद्राकडे पाहत बसला आहे. पिस्तूल नाहीं, तलवार नाहीं, आवेश नाहीं. तो कोणाची तरी वाट पाहत असावा असें वाटतें. शेजारच्या भिंतीवर त्या लढाईंतील सुमारे तीन हजार वैमानिकांचीं नांवें आहेत. त्यांपैकीं ५४४ जण लढाईंतच कामीं आले. पोलंडचे १४५ जण त्या भिंतीवर आहेत. न्यूझीलंडचे, कॅनडाचे, चेकोस्लोव्हाकियाचे आहेत. पुज्जी व त्यांचे सोबती १९४१ सालीं प्रत्यक्ष लढाईस उतरले, म्हणून तारखेच्या नियमानें त्यांना तेथें जागा नाहीं. नियम योग्यच आहे. परंतु भिंतीवर नांव नाहीं म्हणून मनुष्य इतिहासांत नाहीं, असें मात्र होऊं नये.

मीं त्या विद्यार्थ्यास उत्तर लिहिलें तें थोडक्यांत सांगतों. ‘युद्ध कोणाचें होतें हें राजकारण ठरवितें, मृत्यु मात्र ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. तूं साम्राज्यापुढें मान लववूं नकोस. त्या नांवांपुढें लवव, आणि तसें करतांना बडोद्याचें नांव तेथें कसें पोंचलें हेंहि विसरूं नकोस.’

श्रोतेहो, केंटमध्यें सायकलीनें जाणें आपणां सर्वांस शक्य नाहीं. परंतु आपल्याकडील पुष्कळ घरांत, जुन्या पेटीच्या तळाशीं, गणवेश घातलेल्या एखाद्या आजोबांचें किंवा चुलत्याचें पिवळें पडलेलें छायाचित्र असतें. त्यांना ओळखणारें माणूस घरांत आहे तोंवर त्याच्या शेजारीं बसून विचारून घ्यावें, आणि छायाचित्राच्या पाठीमागें नांव, गांव व साल शाईनें लिहून ठेवावें. इतकें आपल्या हातीं आहे.