कडू गोळीचे दोन हिशेब

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वयस्क माणसांना क्लोरोक्विनची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात हुडहुडी भरून ताप आला, की आरोग्य कर्मचारी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई आणि तिथल्या तिथे चार कडू गोळ्या हातावर ठेवी. १९७७ साली हिवताप निर्मूलनाची सुधारित योजना आली आणि देशभर खेडोपाडी औषधवाटप केंद्रे निघाली. त्यांतली पुष्कळ केंद्रे शाळेतल्या गुरुजींकडेच असत.

हीच गोळी डोळ्याच्या दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकते, असे कुठे वाचले तर कोणीही दचकेल. मग इतकी वर्षे वाटलेल्या गोळ्यांनी आपल्या माणसांच्या डोळ्यांचे काय केले? उत्तर आधीच सांगून टाकतो. हिवतापासाठी तीन दिवस घेतलेल्या गोळ्यांनी दृष्टिपटल बिघडत नाही. पण असे का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

क्लोरोक्विन प्रथम तयार केले ते १९३४ साली, जर्मनीतल्या बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हान्स आंडरझाग या रसायनशास्त्रज्ञाने. ते फार विषारी ठरेल असे वाटून बाजूला ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याच्या चाचण्या पुन्हा घेतल्या आणि युद्ध संपता संपता ते हिवतापावरचे प्रमुख औषध झाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. भिंतींवर डीडीटी आणि पोटात क्लोरोक्विन, अशी ही जोडी होती. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखापर्यंत खाली आले. मात्र १९७६ साली तेच चौसष्ट लाखांवर गेले. १९७७ ची योजना आली ती या धक्क्यामुळे.

इकडे औषधाची दुसरी कथा सुरू झाली होती. युद्धकाळात मेपाक्रिन हे हिवतापाचे दुसरे औषध रोज घेणाऱ्या काही सैनिकांचे जुने त्वचाविकार आणि सांधेदुखी कमी झाल्याचे दिसले. १९५१ साली लंडनच्या फ्रान्सिस पेज यांनी ल्युपस या आजारावर मेपाक्रिनचा उपयोग प्रसिद्ध केला. पाठोपाठ क्लोरोक्विनही ल्युपस आणि आमवातासाठी दिले जाऊ लागले. फरक एकच होता. हिवतापाचा रुग्ण गोळ्या तीन दिवस घेई, तर हा रुग्ण रोज घेई आणि वर्षानुवर्षे घेत राही.

१९५७ साली काम्बियाजी या डॉक्टरांनी ल्युपसच्या एका रुग्णाच्या डोळ्यात आढळलेले वेगळेच बदल नोंदवले, पण त्यांचा संबंध त्या आजाराशी जोडला. औषधावर संशय गेला नाही. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, हॉब्ज, सोर्सबी आणि फ्रीडमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे नुकसान क्लोरोक्विनमुळे होते असे मांडले. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षरे वाचणे, चेहरा ओळखणे ही बारीक कामे तिथे होतात. त्याच्याभोवती फिकट कडे पडत जाते आणि रोगी फार पुढे जाईपर्यंत त्याला काही जाणवतही नाही. औषध थांबवले तरी गेलेली दृष्टी परत येत नाही. उलट, इजा पुढे वाढतही राहू शकते.

औषध नेमके डोळ्यातच का साठते? १९६३ साली बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की क्लोरोक्विन मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याला चिकटते. रंगद्रव्य नसलेल्या पांढऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत ते फारच कमी साठते. दृष्टिपटलाच्या मागे मेलॅनिनने भरलेल्या पेशींचा एक थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची झिजलेली टोके गिळून पचवणे हे या थराचे रोजचे काम. क्लोरोक्विन पेशींच्या पचनकोशांतली आम्लता कमी करते, म्हणजे ही साफसफाई अडखळते. अर्थात रंगद्रव्याला चिकटणे हे इजेचे एकमेव कारण आहे असे मात्र सिद्ध झालेले नाही.

या शोधाला एक अनपेक्षित फाटा फुटला. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींपासून होणारा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. तो डोळ्याच्या आतल्या रंगीत पडद्यातही होतो. औषध मेलॅनिनला चिकटत असेल, तर त्याच्या मदतीने गाठ शोधता येईल का? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात बायरवाल्टिस आणि सहकाऱ्यांनी क्लोरोक्विनसारख्या एका रेणूला किरणोत्सारी आयोडीन-१२५ जोडले आणि मेलॅनोमाच्या गाठी टिपून दाखवल्या. हे काम १९६८ साली प्रसिद्ध झाले. निरोगी रंगद्रव्यही हा रेणू धरून ठेवते, ही त्यातली अडचण. ही तपासणी पुढे रुजली नाही. पण ज्या गुणामुळे औषध डोळ्याला घातक ठरले, त्याच गुणाचा उपयोग करून पाहावा ही कल्पना विज्ञानाच्या वाटचालीत नोंदवण्याजोगी आहे.

आता वर्गात फळ्यावर मांडता येईल असा हिशेब पाहू. हिवतापाच्या पूर्ण उपचारात प्रौढाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन, अशा एकूण दहा गोळ्या मिळतात. रोज एक गोळी घेणाऱ्याच्या पोटात वर्षाला ३६५ आणि पाच वर्षांत १८२५ गोळ्या जातात. गोळी तीच असली तरी एक आकडा दुसऱ्याच्या १८२ पटींहून मोठा आहे. मुलांना अपूर्णांक आणि गुणोत्तर शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

आज विवॅक्स प्रकारच्या हिवतापाला क्लोरोक्विन देतात, फाल्सिपेरमला दुसरी औषधे देतात. आमवात आणि ल्युपससाठी त्याचा सौम्य भाऊ हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वापरतात. २०१४ साली मेलेस आणि मार्मर यांनी २,३६१ रुग्णांचा अभ्यास केला. रोजची मात्रा वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर पहिल्या दहा वर्षांत इजेची शक्यता दोन टक्क्यांहून कमी दिसली. वीस वर्षांनंतर मात्र ती वीस टक्क्यांच्या जवळ गेली. म्हणूनच औषध सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासावेत, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

तेव्हा पालकांपैकी कोणी विचारले तर दोन्ही हिशेब सांगावेत. हिवतापाच्या गोळ्या डोळ्यांच्या भीतीने अर्धवट सोडू नयेत. तसेच सांध्यांच्या गोळ्या वर्षानुवर्षे डोळे न तपासता घेऊ नयेत, आणि मनाने बंदही करू नयेत. आणखी एक गोष्ट सांगावी. लहान मुलांत होणारा डोळ्याचा कर्करोग मेलॅनोमा नव्हे, तर रेटिनोब्लास्टोमा असतो. तो बहुधा पाच वर्षांच्या आत होतो आणि त्याचा औषधांशी संबंध नाही. बाहुलीत पांढरी चमक दिसणे किंवा डोळा तिरळा होणे ही त्याची खूण. प्रत्येक पांढरी बाहुली कर्करोगाची नसते, पण अंगणवाडीत असे मूल दिसले तर दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुलांचा जीव वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही.