चुलीचं वैल आणि गोधडी

गेल्या जानेवारीत एका रात्री उरणच्या आमच्या घरी लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी १८ टक्क्यांवर होती, फोनची त्याहून कमी. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता. उरणची थंडी म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, पण सकाळी गीझरशिवाय आंघोळ करायची या विचारानेच मला हुडहुडी भरली. माझी कटकट ऐकून आजी अंधारातूनच म्हणाली, "कला कुरकुरतस? गोधरी घे ना."

घेतली. दहा मिनिटांत ऊब आली. मग इंजिनीअरिंगचं डोकं चालू झालं. गोधडीत ना हीटर, ना वायर. पण शांत बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा ती उष्णता निसटू देत नाही. म्हणजे खोली तापवायची गरजच नाही, आत माणूस तापलेलाच असतो.

वीज नव्हती तेव्हा उरणमधली माणसं थंडीत राहायची ती याच हिशोबाने. आणि थंडी तेव्हाही पडायचीच. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. तो नीचांक आजवर मोडलेला नाही. त्या मुंबईच्या खाडीपलीकडे उरण. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, अंथरुणाखाली भाताचा पेंढा. जमिनीची थंडी अंगाला लागू नये म्हणून तो पेंढा. तो पोकळ असतो, त्यातही हवाच अडकलेली असते.

घरात आग एकच, चुलीची. पण ती किती ठिकाणी वापरली जायची ते बघा. चुलीच्या मुख्य तोंडावर भात शिजायचा. शेजारी चुलीला जोडलेलं दुसरं तोंड असायचं, त्याला वैल म्हणतात. त्याच्याखाली वेगळं लाकूड घालायचं नाही. मुख्य चुलीतून सुटलेली आच आतल्या वाटेने तिकडे जायची आणि तिच्यावर कालवण नाहीतर पाणी गरम होत राहायचं. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे. राखेमुळे हवा कमी मिळते, निखारा हळूहळू जळतो आणि सकाळी फुंकर घातली की पुन्हा पेटतो. काडीपेटीतली एक काडी वाचायची.

आता उरणमधल्याच बोकडविऱ्याला चला. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडलं, पुढे तिथला वायू उरणला आला आणि १९८०च्या दशकात बोकडविऱ्याला त्या वायूवर चालणारं वीज केंद्र उभं राहिलं. त्याची क्षमता ६७२ मेगावॅट. त्यातले १२० मेगावॅटचे दोन संच स्वतः वायू जाळतच नाहीत. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर चालतात. कॉलेजात हे शिकलो तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. आजीला समजावून सांगितलं तर म्हणाली, हे तर वैल.

मात्र वीज तालुक्यात तयार होऊ लागली म्हणून तालुक्यातल्या सगळ्यांना मिळाली, असं झालं नाही. घारापुरी बेट उरण तालुक्यातच येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर या तिथल्या तीन गावांना समोर मुंबईचे दिवे दिसायचे आणि स्वतःकडे संध्याकाळचे काही तास चालणारा जनरेटर. समुद्रतळाखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोपर्यंत माझ्या हातात स्मार्टफोन येऊन काही वर्षं झाली होती.

हे सगळं ऐकून 'पूर्वीचे लोक किती हुशार' असं स्टेटस टाकायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण थंडीत शेतात आपण पोपटी लावतो तेव्हा धूर आकाशात जातो, म्हणून मजा वाटते. आजीच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. मागे तिला दम लागायला लागला म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, विडी ओढायचात का?" तिने उभ्या आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. दहाव्या वर्षापासून चूल मात्र फुंकलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. घरातल्यांना ऊब मिळत होती, तिची किंमत चुलीपुढे बसलेली बाई भरत होती. लाकूडफाटाही तीच आणायची. पेटलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं तर त्याहून वाईट, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. माणूस झोपेतच जातो.

त्या रात्री दोनच्या सुमारास लाईट आली. सकाळी मी आजीला म्हटलं, मला चूल घालायला शिकव, वैलासकट, व्हिडिओ करू.

"चूल नको," ती म्हणाली. "गोधरी शिक."

तिने ट्रंकेतून तीन जुनी लुगडी काढली. एकावर एक पसरली, कडा जुळवल्या आणि सुई माझ्या हातात दिली. माझे टाके वाकडे येतात, दोनदा उसवायला लागले. अजून अर्धीच झाली आहे. पुढच्या थंडीपर्यंत होईल.