मांजर क्रमांक ४००

जपानमधल्या क्युशू बेटावर मिनामाता नावाचं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथली मांजरं झोकांड्या खाऊ लागली, पिसाटल्यासारखी धावत समुद्रात पडू लागली. मग माणसांची पाळी आली. बोटं बधिर व्हायची, बोलणं अडखळायचं, नजर आक्रसत जायची. १ मे १९५६ रोजी या अज्ञात आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली ती गावातल्या चिस्सो कंपनीच्याच इस्पितळाने. प्रमुख होते डॉ. हाजिमे होसोकावा.

पारा म्हटलं की मला फुटलेल्या थर्मामीटरमधले चंदेरी थेंब आठवतात. जड धातू, तळाशी बसणार. पण चिस्सोमध्ये अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्याचा काही अंश मिथिल मर्क्युरी होऊन सांडपाण्यात जायचा. हे संयुग सजीवांत शिरतं: आधी प्लवकांत, मग लहान माशांत, मग मोठ्या माशांत. दर पायरीला साठा वाढतो. पाण्यात नगण्य असलेलं विष ताटातल्या माशात घातक होतं, आणि गरोदर बाईच्या वारेतून बाळापर्यंतही पोचतं.

सप्टेंबर १९५८मध्ये कंपनीने सांडपाण्याचं तोंड उपसागरातून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवलं. काही महिन्यांत नदीमुखापाशी आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर नवे रुग्ण दिसू लागले. एकच गोष्ट बदलली, आणि आजार तिच्या मागोमाग गेला. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

होसोकावांनी तरीही तपासून पाहिलं. कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळलं. ऑक्टोबर १९५९मध्ये मांजर क्रमांक ४०० झोकांड्या खाऊ लागलं. कंपनीने निष्कर्ष दाबून ठेवला. डिसेंबरअखेर रुग्णांशी करार झाला: थोडे पैसे घ्या, पुढे कारखाना दोषी ठरला तरी जास्त मागायचं नाही. सह्या करणाऱ्यांना त्या मांजराबद्दल माहीत नव्हतं. कंपनीला होतं.

अ‍ॅसिटाल्डिहाइडचं उत्पादन थांबलं १९६८मध्ये. १९७०मध्ये कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते गेले. १९७३मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो करार अवैध ठरवला. गाळ उपसण्याचं काम १९९०पर्यंत चाललं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सापडलेला बग वरिष्ठांच्या एका शब्दावर 'नंतर बघू'मध्ये ढकलणं मला नवीन नाही. म्हणून होसोकावांचा निवाडा मला सहज करता येत नाही. आजाराची खबर त्यांच्याच इस्पितळाने दिली, आणि मांजराची गोष्ट न्यायालयाला सांगायला त्यांना अकरा वर्षं लागली. त्या अकरांपैकी नऊ वर्षं सांडपाणी वाहत होतं.